उंबऱ्याची उंची

धाकट्या जावेने, शीतलने, फोनवर एवढंच म्हटलं होतं, "अक्का, पाणी आलं." त्यात तिचं काही चुकलं नाही. नळाची वाट बघण्यात जालन्यात ज्यांची हयात गेली, त्यांच्या लेखी या वाक्याला एकच अर्थ आहे. पुष्पाबाईंनी लगबगीने हौदाचं झाकण सरकवलं, मागच्या ओट्यावर घागरी मांडल्या आणि पदर खोचून नळाखाली हात धरला. नळ कोरडा होता. पाणी पुढच्या दारातून आलं, बैठकीतून सरळ चालत मागे गेलं आणि झाकण उघडंच मिळालं म्हणून हौदात उतरलं. हौद काठोकाठ भरला. घर बांधल्यापासून तो इतका भरल्याचं कोणाला आठवत नव्हतं. फक्त त्यात घरामागचा बोरनाला भरला होता.

महालक्ष्म्या चार दिवसांवर आल्या होत्या.

त्या चार दिवसांत वायाळांच्या घरात पाण्यापेक्षा व्याकरणावर जास्त बोलणं झालं. शीतलने 'पूर आला' म्हणायला पाहिजे होतं, असं मधल्या जाऊबाई बेबीनंदाचं म्हणणं. शीतल शाळेत मराठीच शिकवायची. पूर नदीला येतो, नाल्याला काय येतं ते पुस्तकात दिलेलं नाही, असं तिचं उत्तर. ज्यांच्या घरात हे शब्द नसलेलं काहीतरी शिरलं होतं, त्या पुष्पाबाई गव्हाची कोठी उपसत होत्या. खालचा गहू फुगून गेला होता. वरचा बेबीनंदाने वाळवायला आपल्या गच्चीवर नेला. मुखवटे माळ्यावर होते म्हणून वाचले.

गल्ली उताराची. सगळ्यात वर धाकटा राधेश्याम आणि शीतल, मधे अंगद आणि बेबीनंदा, तळाला थोरले कडूबा; म्हणजे आता त्यांच्या माघारी पुष्पाबाई एकट्या. कुंभार पिंपळगावहून येऊन तिघा भावांनी एकाच दिवशी तीन प्लॉट घेतले, तेव्हा कडूबांनी मोठ्या रस्त्यालगतचा म्हणून तळाचा घेतला होता, आणि थोरल्याने चांगला उचलला असं धाकट्यांना बरेच दिवस वाटत राहिलं. मग गल्लीत रस्ता झाला. काही वर्षांनी तो परत झाला, जुन्याच्याच डोक्यावर. राधेश्यामने भराव टाकून घर उंच केलं. ते पाहून अंगदने केलं. आता पुष्पाबाईंच्या घरात दोन पायऱ्या उतरून जावं लागे. गल्लीतल्या प्रत्येकाने पाण्यावर आपापला उपाय केला होता, आणि प्रत्येकाचा उपाय उताराने पुष्पाबाईंच्या दारात येऊन थांबत होता.

तुम्हीही घर उचला, असं अंगदने एकदा सांगून पाहिलं होतं. मंग पाणी कुठं जाईल, असं पुष्पाबाईंनी विचारलं. रस्त्यापलीकडे, आणखी खाली, कांताबाईंचं घर होतं. कांताबाई अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, पुष्पाबाईंच्या रोजच्या बसण्यातल्या. असले प्रश्न इंजिनिअरला विचारायचे असतात, असं म्हणून अंगद चहा न घेताच उठला होता.

उताराचं पाणी हा निम्मा हिशेब झाला. उरलेला निम्मा नाल्याचा. बोरनाला तिन्ही घरांच्या मागून वाहतो आणि पुष्पाबाईंच्या घराला वळसा घालून मोठ्या रस्त्याखाली जातो. त्या वळणावर, दुष्काळातल्या एका वर्षी, खुद्द कडूबांनी स्लॅब टाकून चार गाळे काढले होते. कोरडा नाला म्हणजे सरकारनं विसरलेली जागा, असं तेव्हा सगळं गावच मानायचं. परवानगी तात्पुरती होती, स्लॅब पक्का होता. थोरलेपणाला शोभेल असं त्यांनी दोन गाळे अंगदच्या आणि दोन राधेश्यामच्या नावावर केले, स्वतःला घर तेवढं ठेवलं. आता जोराचा पाऊस झाला की पाणी त्या स्लॅबखाली कोंडायचं आणि मागे फिरून, बांधणाऱ्याच्याच घरात शिरायचं.

नाला मोकळा करायची सरकारी योजना आली होती. स्लॅब काढायला गाळेवाल्यांनी संमती दिली तर बसस्टँडमागच्या नव्या मार्केटात बदली गाळे मिळणार होते. न दिली तर कोर्टकचेऱ्या कोण करत बसणार? योजना दुसऱ्या नाल्यावर जाणार होती. इंजिनिअरला उत्तर उद्यापर्यंत हवं होतं.

म्हणून महालक्ष्म्यांच्या जेवणाला यंदा झाडून सगळे हजर होते. एरवी राधेश्याम 'सीझन' सांगून पंगत उठताना यायचा.

*

बैठकीत भिंतीवर हातभर उंचीवर ओलीची रेघ होती. अंगद मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसला. त्याच्या गाळ्यात टाक्या आणि मोटारी मिळत. पाणी नसायचं तेव्हा लोक वर चढवायची मोटर नेत, हल्ली बाहेर फेकायची नेतात. पाणी आलं त्या दिवशी त्याने स्वतः मोटर आणून वहिनींच्या बैठकीत लावली होती. मोटारीने चोख काम केलं. पाणी खिडकीतून गल्लीत फेकलं, तिथून ते पायऱ्या उतरून परत आत आलं. दुपारभर एकच पाणी फिरत होतं. ते अंगदच्या लक्षात आलं होतं, पण एवढी चांगली चाललेली मोटर बंद करणं त्याच्या जिवावर आलं.

आता तो म्हणत होता की वहिनींना कायमची मोटर बसवून देतो, बिलकुल नवी, खर्चा घेणार नाही.

"आणि फेकायचं कुठं?" पुष्पाबाईंची मुलगी तृप्ती म्हणाली. ती संभाजीनगरला बँकेत घरकर्जाच्या टेबलावर होती. पाण्यातल्या घरावर आताशा कोणी कर्ज देत नाही, हे तिला काकांपेक्षा आधी कळलं होतं. आईला घेऊन जायचं ठरवूनच ती आली होती. घर जेवढ्याला जाईल तेवढ्याला विकायचं. पण ते विकावं का लागतंय, एवढं एकदा काकांच्या तोंडून ऐकायची तिची इच्छा होती.

राधेश्याम बी-बियाण्याचा व्यापारी. बोलण्यात घाई नसायची. त्याने सुपारी कातरून तोंडात टाकली आणि पुतणीला समजावलं.

"हे बघ तृप्ती. पाणी वर्षातून दोनदा येतं. भाडं बारा महिने येतं."

"पाणी येतं ते आमच्या घरात, काका. भाडं येतं ते तुमच्या."

"मंग तेच तर म्हणून राह्यलो. दोन्ही गोष्टी अलग हाईत. तू कशाला एकात मिसळायलीस?"

तृप्तीच्या बँकेत हीच गोष्ट सांगायला बाहेरून माणसं येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात आणि दोन तास घेतात.

अंगदने भावाच्या बाजूने मान हलवली. स्लॅब आपण टाकला नाही, दादांनी टाकला, आणि दादांची आठवण पाडायला त्याचा हात धजणार नाही, असं तो म्हणाला. आठवणीत त्याचं स्वतःचं दुकान होतं, हे कोणी बोललं नाही. राधेश्यामने वहिनींच्या घराला एक गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. तळाच्या जागेत त्याला राहायचं नव्हतं, ट्रॅक्टर लावायचे होते. ट्रॅक्टरला पाण्याचं काही वाटत नाही.

*

आतल्या खोलीत, मागच्या भिंतीला टेकून, ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्या होत्या. ट्रंकेतल्या साड्या भिजल्यामुळे यंदा त्यांना बेबीनंदाच्या मुलाच्या लग्नातल्या पैठण्या नेसवल्या होत्या. त्यांच्यापुढे फुलोरा टांगला होता. बाजूच्या चुलीवर पुरण शिजत होतं आणि बेबीनंदा पाटावर बसून पोळ्या लाटत होती. तिचे गुडघे गेले होते. एकदा खाली बसली की उठवायला दोघी लागायच्या, म्हणून ती सकाळपासून उठलीच नव्हती. शीतल सोळा भाज्या मोजत होती. पंधराच भरत होत्या. सोळावी म्हणून तिने कोथिंबीर धरली.

बाहेरचं बोलणं दोघींना ऐकू येत होतं. शीतल हळूच म्हणाली की अक्का लेकीकडं गेल्या तर सुखात राहतील, तिथं लिफ्ट आहे. बेबीनंदा म्हणाली, बराबर हाय, किती दिवस त्या पायऱ्या उतरायच्या. दोघींचं इतकं पटण्याचे प्रसंग कमी, म्हणून दोघींनाही जरा बरं वाटलं.

पुष्पाबाई ताटं पुसत होत्या. मागच्या वर्षी त्या आठ दिवस तृप्तीच्या फ्लॅटमध्ये राहून आल्या होत्या. जावई चांगले होते. कोणत्या बटणाने कोणता दिवा लागतो, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितलं होतं. शेजारची बाई दिसली ती लिफ्टचं दार लागताना. त्यांना इथून जायचं नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

नैवेद्य झाला, आरती झाली, पंगत बसली. कढी दुसऱ्यांदा फिरली तेव्हा पुष्पाबाई वाढता वाढता थांबल्या.

"मी जाते तृप्तीकडं," त्या म्हणाल्या.

राधेश्यामने आणखी एक पोळी मागितली. अंगदने डोळे पुसले, त्यात खोटं काही नव्हतं. वहिनींनी त्याला लग्नाआधीपासून जेवू घातलं होतं. तृप्तीला मात्र भीती वाटली. आई इतक्या सहज कधी ऐकत नसे.

"तेवढं ह्यांचं ठरवा," पुष्पाबाईंनी आतल्या खोलीकडे हात केला. "लेकीच्या सासरी माहेरच्या महालक्ष्म्या जात न्हाईत. ह्या वायाळांच्या. ह्या इथंच राहतील. कोणाच्या घरी, ते आज ठरलं म्हंजे उद्या बोळवताना त्यांना सांगता येईल."

एवढं सांगून त्या कढीचं पातेलं घेऊन पुढच्या ताटाकडे गेल्या.

*

महालक्ष्म्यांचं एक आहे. त्या मागून घेता येतात, परत करता येत नाहीत. ज्या घरी बसल्या तिथे त्या सुनेकडून सुनेकडे जातात. तीन दिवस सोवळं, पुरण, आंबील, सोळा भाज्या, सवाष्णी, झाडून सगळी भावकी. ज्यांनी बंद केल्या त्यांचं पुढे काय झालं, हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि म्हणूनच कोणी बंद करत नाही. आजवर बेबीनंदा आणि शीतल मदतीला यायच्या. मदतीला येणाऱ्याला दुपारी उशिरा येता येतं. जिच्या घरी देव, तिला पहाटे उठावं लागतं, आणि मदतीला कोण उशिरा आलं हे मोजावं लागतं.

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. सकाळचं एकमत संपलं होतं.

शीतल अत्यंत आदराने म्हणाली की अक्कांनंतर मान मोठ्या जाऊबाईंचाच, तिने पुढे पुढे करणं शोभायचं नाही. बेबीनंदाने मान स्वीकारून लगेच परत केला. तिच्या बोलण्यात माया होती.

"माझ्या मानाचं काय, शीतल. तुझं घर सगळ्यात उंच. महालक्ष्म्या कोरड्या राहतील तुझ्याकडं."

भराव टाकून घर उचलल्याचा तोटा असाही असतो, हे शीतलला पहिल्यांदा कळलं. तुमचंही घर उचललंय की बाई, असं ती म्हणाली. त्यावर बेबीनंदाने शांतपणे गुडघ्यावरची साडी नीट केली. त्या गुडघ्यांना शाळेच्या नोकरीचं उत्तर देता येईल का, याचा विचार शीतलने करून पाहिला. येत नव्हतं. नोकरी सकाळची होती, आणि महालक्ष्म्यांना शाळेला सुट्टी असते.

राधेश्यामला बायकांचं हे बोलणं किरकोळ वाटलं. त्याने तोडगा काढला की मुखवटे देवळात द्यायचे आणि घरी फोटो पुजायचा. हल्ली बरेच जण करून राह्यले. अंगदने हातातला घास ताटात परत ठेवला.

"फोटोला पुरण लागत न्हाई, हे बराबर," बेबीनंदा म्हणाली. "मंग भावजी, तुमालाबी पुढल्या साली फोटोच वाढू."

शीतल नवऱ्याजवळ येऊन बसली. चारचौघांत ती असं बसत नसे. तिने विचारलं की दोन गाळ्यांचं भाडं येतं, त्याचं काय होतं. घरातच येतं की, तो म्हणाला.

"महालक्ष्म्या आपल्याकडं आल्या, तर ते भाडं पुरण वाटू लागेल का मला?"

राधेश्याम अंगदकडे वळला. दोन गाळे अंगदचे होते, तो ठाम राहिला असता तर अजून काही बिघडलं नव्हतं.

अंगद बायकोकडे बघत होता. दोघं पोरं पुण्यात. ही उठणार दोघींच्या आधाराने, आणि दुसरी बाई घरात नाही. म्हणजे पाटावर तो. पुरणयंत्राचा दांडा फिरवतो आहोत, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आलं आणि हटेना. मग त्याने धंद्याच्या अंगाने विचार करून पाहिला, तेव्हा जरा हलकं वाटलं. बसस्टँडमागे झालं दुकान तर काय बिघडलं? पाणी आता सगळीकडंच शिरायलंय. मोटर कुठंबी खपते.

"वहिनी घरात राहिल्या तर सगळंच जागेवर राहील," तो म्हणाला, जणू हे सकाळपासून त्याच्या मनात होतं. "दादा असते तर दादांनीच स्लॅब काढला असता."

सकाळी दादांची आठवण पाडवत नव्हती. आता तीच आठवण पाडायला सांगत होती. मेलेल्या माणसाचा हा मोठा आधार असतो.

राधेश्याम एकटा पडला. नव्या मार्केटात भाडं कमी येईल, असं त्याने एकदा सांगितलं, आणि ते खरंच होतं. कोणी खोडून काढलं नाही. फक्त शीतलने हात धुवायला पाणी दिलं आणि फोन त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, उद्या कचेरीत जाऊन देतो लिहून. ती म्हणाली, उद्या बोळवण आहे, आजच सांगा. अंगदने इंजिनिअरला फोन लावला, आपली संमती सांगितली आणि फोन भावाच्या कानाला लावला. राधेश्याम "हो" म्हणाला. नंतर बराच वेळ तो सुपारी कातरत राहिला, खाल्ली मात्र नाही.

*

तृप्तीने या सगळ्यात एक गोष्ट सांगितली नव्हती.

इंजिनिअरकडे नाल्याचा नकाशा तिने आदल्या दिवशीच पाहिला होता. गाळे काढून नाला नुसता मोकळा होणार नव्हता, तो रुंद होणार होता. वळणावर त्याला जागा लागत होती, आणि ती आईच्या घराच्या मागच्या बाजूने जात होती. हौद, मागचा ओटा आणि आतली खोली. महालक्ष्म्या उभ्या होत्या ती. सकाळी ती गप्प राहिली, कारण आई तशीही येणारच होती. आता गप्प राहिली असती, तर नाला खणायला माणसं आल्यावर आईला कळलं असतं. आणि सांगितलं, तर आई कदाचित तिच्याबरोबर येईल. यातलं कोणतं कारण खरं, हे तिला स्वतःला नीट ठरवता आलं नाही. तिने सांगितलं.

राधेश्यामची सुपारी थांबली.

"म्हंजे वहिनींची देवाची खोलीच जाणार," तो म्हणाला. आवाजात दुःख होतं आणि दुःखाच्या मागे थोडी आशा होती. "तसं असंल तर मी फोन करून थांबवतो. देवाची जागा हलवून घर वाचवायचं, हे काही बराबर न्हाई."

बेबीनंदाने शीतलकडे पाहिलं. शीतलने अक्कांकडे. महालक्ष्म्यांची जागा पिढीजात असते, हलवली की कोणाच्या घरी हा विषय पुन्हा मूळपदावर येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पुष्पाबाईंच्या सासूने कुंभार पिंपळगावच्या घरात त्यांची चौरंगाची जागा चुन्याने आखून ठेवली होती.

पुष्पाबाई उठल्या. आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. ज्येष्ठा-कनिष्ठांच्या मागची भिंत त्यांनी पाहिली. ती कडूबांनी सुट्टीच्या दिवशी, गवंड्याला हाताशी धरून स्वतः बांधली होती आणि थोडी वाकडी होती. मग त्या वळल्या आणि बैठकीतून पुढच्या दारापर्यंतचं अंतर नजरेने चालून आल्या.

"खोली गेली तर पाणी थांबंल का?" त्यांनी मुलीला विचारलं.

"थांबेलच असं कोणी लिहून देत नाही आई. कमी होईल. कांताबाईंकडचं पण. नाला त्यांच्या पुढपर्यंत रुंद होणार आहे."

"घर राहतंय ना?"

"पुढचं राहतं."

"मंग इथं बैठकीत बसवू त्यांना." पुष्पाबाई खाली बसल्या आणि उरलेली ताटं एकावर एक ठेवू लागल्या. "दारातून चालतच येतात ना दरसाल? चार पावलं कमी चालतील."

अंगदने मान हलवली, पण कशाला ते त्याला कळलं नव्हतं.

"भिंत तेवढी मागून नवी लागंल," पुष्पाबाई म्हणाल्या. "हौदबी पुढं घ्यावा लागंल. ते तुम्ही दोघं भाऊ बांधून द्या."

बांधकामाचा खर्चा योजनेतून मिळतो का, ते आधी बघायला पाहिजे, असं राधेश्यामला म्हणायचं होतं. त्याने हातातली सुपारी खाली ठेवली.

"देतील," दोघी जावा एकाच वेळी म्हणाल्या.